आठजणींची शर्यत

‘बायका सायकल शर्यतीत एवढ्या कमी का दिसतात? आवड नसते, की पडायची भीती वाटते?’ हौशी सायकल शर्यतींचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा एखादी नवशिकी मुलगी असते. हँडल घट्ट आवळून धरलेली, शेजारून कुणी सपकन गेलं की दचकणारी. त्यामुळे उपायही तिच्यासाठीच सुचवले जातात : मुलींसाठी वेगळे सराव, शिकवणीवर्ग, पहिल्या शर्यतीला शुल्कात सूट.

हे सगळं चांगलंच आहे. पण या प्रकरणात आपण वेगळ्या बाईबद्दल बोलणार आहोत. ती चार-पाच वर्षं शर्यतीत उतरते आहे. वळणावर ब्रेक कधी सोडायचा, पुढचीच्या चाकापासून किती अंतर ठेवायचं, शेवटच्या फेरीत कुणाच्या मागे राहायचं, हे तिला पक्कं कळतं. भीती केव्हाच गेलेली आहे. आणि नेमकी तीच पुढच्या हंगामात परवान्याचं नूतनीकरण करत नाही. नवी मुलगी का येत नाही, याची चर्चा पुष्कळ होते. जुनी का जाते, हा प्रश्न मात्र कुणी फारसा विचारत नाही.

उदाहरण अमेरिकेचं घेऊ, कारण तिथल्या हौशी शर्यतींची उतरंड लेखी नियमांत बांधलेली आहे आणि बायकांची गळती नेमकी कुठे होते, ते या नियमांतूनच दिसतं.

१. परवाना आणि पायऱ्या

अमेरिकेतल्या सायकल शर्यतींचा कारभार ‘यूएसए सायकलिंग’ ही संस्था पाहते. तिचं मुख्यालय कोलोराडो स्प्रिंग्ज इथे आहे. शर्यतीत उतरायचं तर तिचा परवाना काढावा लागतो. परवानाधारकांमध्ये बायकांचं प्रमाण अनेक वर्षं १५ टक्क्यांच्या आसपास घुटमळत राहिलं. म्हणजे ढोबळमानाने सात जणांत एक बाई.

परवान्यावर श्रेणी लिहिलेली असते. आकडे उलटे चालतात : आकडा जितका मोठा तितका स्पर्धक नवा, १ म्हणजे व्यावसायिकांच्या खांद्याला खांदा लावणारा. बायकांसाठी बराच काळ ४ पासूनच सुरुवात होती, पाचवी पायरी नंतर जोडली गेली. खालच्या पायऱ्या ठरावीक संख्येने शर्यती पूर्ण केल्या की चढता येतात. वरच्या पायऱ्यांसाठी गुण मिळवावे लागतात, आणि गुण तुमचा क्रमांक कितवा आला यावर मिळतात. इथे एक पोटकलम आहे, ते लक्षात ठेवा. शर्यतीत स्पर्धक जितके जास्त, तितके गुण जास्त आणि तितक्या जास्त क्रमांकांना ते वाटले जातात. थोड्या जणींत पहिली येणारी बाई थोडेच गुण घेऊन घरी जाते.

आता एखाद्या रविवारची नेहमीची शर्यत डोळ्यांसमोर आणा. पुरुषांसाठी दिवसभरात नवशिक्यांची वेगळी, चौथ्या श्रेणीची वेगळी, तिसरीची वेगळी, पहिली-दुसरी मिळून एक. शिवाय ३५ वर्षांवरच्यांची, ४५ वरच्यांची, कुठेकुठे ५५ वरच्यांचीही. बायकांसाठी बहुधा दोनच : एक नवशिक्यांची आणि दुसरी ‘१-२-३’, म्हणजे उरलेल्या सगळ्याजणींची.

त्या ‘१-२-३’ मध्येच आपली बाई सापडते. तिसऱ्या श्रेणीत चढल्याचं अभिनंदन होतं, आणि पुढच्याच रविवारी ती अशा घोळक्यात उभी राहते, जिथे शेजारच्या सायकलवर पगारी व्यावसायिक बसलेली असते. एकीचा सरावच तिचा दिवसभराचा धंदा, दुसरी शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत ऑफिसात. पुरुषांत तिसऱ्या श्रेणीचा बाप्या तिसऱ्या श्रेणीच्याच बाप्यांशी लढतो. बायकांच्या जिन्यात मधली पायरीच बसवलेली नाही.

२. खरा प्रतिस्पर्धी वारा

मधली पायरी नसली तर एवढं काय बिघडतं? थोडं मागे राहायचं, शिकत जायचं. पळण्याच्या शर्यतीत हे चालतं. मॅरेथॉनमध्ये विजेत्याच्या दोन तासांनंतर पोचणाराही स्वतःची शर्यत पूर्ण करतो. घोळक्याच्या सायकल शर्यतीत तसं होत नाही, आणि याचं कारण हवा आहे.

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि तो विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे. छोटं गणित करू. ताशी ३० किलोमीटरवरून ३६ वर जायचं आहे. वेग १.२ पट झाला. ताकद १.२ गुणिले १.२ गुणिले १.२, म्हणजे जवळपास १.७३ पट. वेगात २० टक्क्यांची वाढ, आणि त्यासाठी वाऱ्याशी झगडण्याचा खर्च मात्र ७३ टक्क्यांनी जास्त. पायांत तेवढं शिल्लक असणारे फार थोडे.

यावर उपाय म्हणजे आडोसा. पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक जवळजवळ भिडवून चालवायचं. समोरची व्यक्ती हवा फोडते, मागच्याला ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश मेहनत कमी पडते. घोळका मोठा असेल तर फायदा कितीतरी वाढतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोवेन इथल्या बेर्ट ब्लोकेन या शास्त्रज्ञाच्या गटाने २०१८ मध्ये १२१ स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्याच्या मध्य-मागच्या भागात हवेचा विरोध एकट्या स्वाराला होणाऱ्या विरोधाच्या ५ ते १० टक्क्यांवर उतरतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे ४० च्या वेगाने धावणाऱ्या झुंडीत मधोमध बसलेला माणूस वाऱ्याच्या हिशोबाने जेमतेम फेरफटका मारत असतो.

म्हणूनच या खेळात कमी ताकदीचा पण हुशार माणूस टिकतो. पन्नास किलोमीटर लपून राहायचं आणि शेवटच्या दोनशे मीटरला बाहेर पडायचं. अनुभवाची किंमत इथे आहे : जागा कुठे धरायची, कुणाच्या मागे राहायचं, कधी गप्प बसायचं. पण ही सगळी हुशारी चालायला आधी घोळका हवा.

३. आठजणी

आता आठजणींची शर्यत घ्या. अमेरिकेत सर्वाधिक चालणारा प्रकार म्हणजे ‘क्रिटेरियम’. शहरातले चार-सहा रस्ते बंद करून साधारण एक-दीड किलोमीटरचा वेढा आखायचा आणि त्यावर ठरलेला वेळ फेऱ्या मारायच्या. आठजणी म्हणजे घोळका नव्हे, फक्त एक रांग. बाजूंनी आडोसा नाही, पुढे एक पाठ तेवढी. त्यात दोघी व्यावसायिक आणि एकाच संघाच्या. पहिल्या दहा मिनिटांतच त्यांच्यातली एक उसळी मारते. तिला पकडायला तिघी जातात. मागे उरलेल्या चौघींपैकी कुणालाच पुढे येऊन वारा खायचा नसतो, कारण त्यांच्यातल्या व्यावसायिकेची संघसखी पुढे गेलेली असते, आणि तिला फुकट ओढून न्यायला बाकीच्या तयार नसतात. वेग मंदावतो, मग वळणावर पुन्हा झटका बसतो, आणि रांग तुटते.

एकदा तुटली की संपलं. एकटीने पूर्ण वारा अंगावर घेत पुढच्या चौघींना गाठणं जवळजवळ अशक्य असतं, कारण त्या चौघी आळीपाळीने पुढे येतात आणि ही एकटी असते. क्रिटेरियममध्ये वर आणखी एक नियम आहे. पुढच्या जणींनी पूर्ण एक फेरी मागे टाकलं, किंवा टाकणार असं दिसलं, तर पंच शिट्टी वाजवून बाहेर काढतात. सुरक्षेसाठी नियम योग्यच आहे. पण हिशोब बघा. पहाटे साडेचारला उठून दोन तास गाडी चालवली, शुल्क भरलं, आणि पंधराव्या मिनिटाला कठड्याबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

तिची ताकद कमी असते असं नाही. त्याच दिवशी त्याच रस्त्यावर साठ पुरुषांच्या चौथ्या श्रेणीच्या शर्यतीत उतरली असती, तर बहुधा शेवटपर्यंत घोळक्यात टिकली असती. अनेकजणी तसं करतातही, बाईला पुरुषांच्या खालच्या श्रेणीत उतरायची नियमाने मुभा आहे. तिथे त्यांना सरावही चांगला मिळतो. पण मग बायकांच्या शर्यतीत सात उरतात.

४. गावची एसटी

आयोजक वाईट असतात का? बहुतेक वेळा नाही. स्थानिक क्लबची चार माणसं पदरची सुट्टी खर्चून शर्यत घेतात. रस्ता बंद करण्याची परवानगी, पोलीस, रुग्णवाहिका, विमा, पंचांचं मानधन, हा खर्च तासाच्या हिशोबाने चढतो. समजा शुल्क माणशी ४० डॉलर आहे. साठ पुरुषांच्या शर्यतीतून २४०० डॉलर आले. आठ बायकांच्या शर्यतीतून ३२०. रस्ता मात्र दोन्हींसाठी तेवढाच वेळ बंद. तर मग आयोजक बायकांच्या दोन शर्यती मिळून एक करतो, ती सकाळी सातला तरी ठेवतो, नाहीतर भर दुपारी.

खेड्यातल्या एसटीचं जे होतं, तेच इथे होतं. प्रवासी कमी झाले म्हणून महामंडळ एक फेरी बंद करतं. उरलेली गाडी अडनिड्या वेळेची, म्हणून आणखी लोक जीपने जायला लागतात. मग तोट्याचा आकडा दाखवून ती गाडीही बंद होते, आणि ‘या गावाला एसटीची गरजच नाही’ असा शेरा कागदावर पडतो. बायका येत नाहीत म्हणून शर्यती एकत्र करायच्या, आणि एकत्र केल्या म्हणून त्या येत नाहीत. ‘बायकांना शर्यतीत रस नाही’ हे विधान त्या शेऱ्याइतकंच खरं आहे.

याच कात्रीत गुणांचं ते पोटकलमही चालतं. स्पर्धक कमी म्हणून गुण कमी, म्हणून वर चढायला वेळ जास्त. आणि जी चौथ्या श्रेणीत जिंकते आहे, तिला वर चढल्यावर काय होणार ते दिसत असतं, म्हणून ती चढायला टाळाटाळ करते. परिणामी खाली खऱ्याखुऱ्या नवशिक्या मुलींना पहिल्याच दिवशी तीन वर्षं मुरलेली खेळाडू भेटते. म्हणजे मधली पायरी नसल्याचा फटका खालच्या पायरीलाही बसतो.

५. नोंद घ्यावी अशी मागची गोष्ट

बायकांनी शर्यती खेळणं ही आजकालची गोष्ट नाही. १८९० च्या दशकात अमेरिकेत बंदिस्त लाकडी ट्रॅकवर बायकांच्या शर्यती होत आणि हजारोंनी लोक बघायला जमत. स्वीडनमध्ये जन्मलेली, शिकागोत शिवणकाम करून जगणारी टिली अँडरसन त्या काळातली सर्वात मोठी नावाजलेली खेळाडू. त्याच वेळी ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ ही संघटना मात्र बायकांच्या शर्यतींना मान्यता द्यायला तयार नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हा सगळा प्रकार बंद पडला. अमेरिकेत बायकांची राष्ट्रीय अजिंक्यपद शर्यत १९३७ साली प्रथम झाली, न्यू जर्सीची डोरिस कोप्स्की ती जिंकली. बायकांची रस्त्यावरची जागतिक अजिंक्यपद शर्यत १९५८ ची. आणि ऑलिम्पिकमध्ये पुरुष १८९६ पासून सायकलवर होते, तिथे बायकांना १९८४ साली लॉस एंजेलिसला पहिली शर्यत मिळाली. अमेरिकेच्याच कॉनी कार्पेंटर-फिनीने ती जिंकली.

मधल्या काळातलं एक नाव सांगायचा मोह आवरत नाही. १९६९ मध्ये ब्रनो इथे पावसात झालेल्या जागतिक शर्यतीत ऑड्री मॅकएल्मरी उतारावर पडली, उठली, पुन्हा सायकलवर बसली आणि जिंकली. रस्त्यावरचं जागतिक अजिंक्यपद तिच्याआधी अमेरिकेच्या एकाही पुरुषाला मिळालेलं नव्हतं. आणि ती एका मुलाची आई होती.

६. वय आणि वेळ

‘लग्न, मुलंबाळं, म्हणून सोडतात’ हे उत्तर लगेच तयार असतं. त्यात तथ्य नक्कीच आहे. शर्यतीसाठी आठवड्याला आठ-दहा तासांचा सराव लागतो, आणि घरात हे तास कुणाच्या वाट्याचे कापले जातात हे जगभर एकाच पद्धतीने ठरतं. पण हे उत्तर तिथेच सोडलं तर फसगत होते. पुरुषांनाही मुलं होतात. तेही तिशीत काही वर्षं गायब होतात. फरक असा की चाळिशीत परत आल्यावर त्यांच्यासाठी ४५ वर्षांवरच्यांची वेगळी शर्यत तयार असते. तिथे त्यांच्याच वयाचे, त्यांच्याइतकेच थकलेले आणि तितकेच हट्टी चाळीस-पन्नास गडी असतात. अनुभवी पुरुषाला या खेळात म्हातारं व्हायला जागा आहे. त्याच वयाची बाई परत आली तर तिच्यासमोर पुन्हा तीच ‘१-२-३’, आणि शेजारी बावीस वर्षांची व्यावसायिक.

वय म्हणजे ताकद संपली असंही नाही. क्रिस्टिन आर्मस्ट्राँगने २००८ चं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं, २०१० मध्ये तिला मुलगा झाला, त्यानंतर २०१२ आणि २०१६ चंही सुवर्ण तिनेच घेतलं. शेवटच्या वेळी ती ४३ व्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर होती. तिन्ही पदकं वेळेविरुद्धच्या शर्यतीतली, जिथे प्रत्येकजण एकटा सुटतो आणि कुणाच्या आडोशाचा प्रश्नच येत नाही.

दुसरं उदाहरण क्रिस्टेन फॉकनरचं. हार्वर्डमध्ये नौकानयन करणारी, नंतर गुंतवणूक क्षेत्रात नोकरी. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये नवशिक्यांच्या वर्गात ती सायकल शिकली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १५८ किलोमीटरच्या शर्यतीचं सुवर्ण तिच्या गळ्यात होतं. अशा गोष्टी भाषणांत फार वापरल्या जातात. मला त्या थोड्या धोकादायक वाटतात. असामान्य गुणवत्तेची बाई मधल्या रिकाम्या जागेवरून एका उडीत पलीकडे जाते, त्यामुळे पायरी मोडलेली आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. हौशी खेळ मात्र उडी मारणाऱ्यांवर चालत नाही. जे दहा-पंधरा वर्षं मधल्याच पायरीवर आनंदाने खेळत राहतात, त्यांच्यावर चालतो.

७. मग त्या जातात कुठे?

सायकल सोडत नाहीत, हे आधी सांगायला हवं. त्या अशा प्रकारांकडे वळतात, जिथे आठजणी असल्या तरी खेळाची मजा जात नाही. चिखल-गवतातून धावणाऱ्या ‘सायक्लोक्रॉस’मध्ये वेग कमी, त्यामुळे आडोशाचं महत्त्व कमी, चौदाव्या नंबरसाठीही शेवटपर्यंत झुंज मिळते. ट्रायथलॉनमध्ये हौशी स्पर्धकांना बहुधा दुसऱ्याच्या मागे चिकटायला बंदीच असते. आणि खडीच्या रस्त्यांवरच्या लांब शर्यतींमध्ये हौशी स्पर्धक बहुधा एकदम सुटतात, पुरुष-बायका एकाच घोळक्यात. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरियाची २०० मैलांची शर्यत त्यांतली सर्वात प्रसिद्ध. पूर्वी तिला ‘डर्टी कान्झा’ म्हणत, आता ‘अनबाउंड ग्रॅव्हल’. तिथे २०१७ च्या सुमारास ‘दोनशे मैल, दोनशे बायका’ अशी मोहीम निघाली आणि बायकांसाठी जागा राखून ठेवल्या गेल्या. ज्या बायकांना ‘शर्यतीत रस नाही’ म्हणून सोडून दिलं होतं, त्या तिथे खडीवर दिवसभर सायकल हाणत होत्या.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचं घ्यावं लागेल. २०१८ मध्ये तिने १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवरून केली. दम, हिंमत आणि एकटीने कष्ट उपसण्याची तयारी यांचा बायकांत तुटवडा असता, तर ही गोष्ट घडलीच नसती. घोळक्याच्या शर्यतीत अडचण दमाची नाही, संख्येची आणि मांडणीची आहे.

८. काय केल्याने फरक पडेल

बक्षिसाची रक्कम समान करा, ही मागणी हल्ली सगळीकडे होते, आणि ती न्याय्य आहे. पण आपल्या बाईला तिचा उपयोग जवळजवळ शून्य. पहिल्या तिघींची रक्कम वाढली की व्यावसायिक संघाच्या आणखी दोघी येतात आणि आपली बाई दहाव्याऐवजी सातव्या मिनिटाला तुटते. बक्षिसाचा वाढीव पैसा हातात असेल, तर माझं मत असं की तो तिसऱ्या-चौथ्या श्रेणीची वेगळी शर्यत चालवण्याचा तोटा भरण्यात घालावा. पहिली दोन-तीन वर्षं ती शर्यत रिकामी दिसेल. ती तरीही रद्द करायची नाही, तारीख आणि वेळ बदलायची नाही. बायकांना एकमेकींना फोन करून ‘ही नक्की होणार आहे, तू येतेस ना?’ असं म्हणता आलं पाहिजे.

पैसा नसेल तरी दोन गोष्टी जमतात. एकाच पट्ट्यातल्या आयोजकांनी मिळून वेळापत्रक लावायचं, म्हणजे एकाच रविवारी तीन गावांत आठ-आठजणी न विखुरता एका गावात चोवीसजणी जमतील. चोवीसजणींचा घोळका होतो, आठजणींचा होत नाही. आणि जिथे तेवढ्याही जमत नाहीत, तिथे त्यांना ४५ वर्षांवरच्या पुरुषांबरोबर सोडायचं, निकाल वेगळा लावायचा. वेग साधारण जुळतो, आडोसा मिळतो. पुरुषांपैकी काही कुरकुरतील. त्यांनाही एखादी बाई शेवटच्या वळणावर मागे टाकून जाईल, आणि त्याची सवय होईल.

महाराष्ट्रात किंवा आणखी कुठे तुम्ही क्लबतर्फे शर्यत घेत असाल, तर गेल्या तीन वर्षांच्या प्रवेशयाद्या काढून बसा. नव्या मुली किती आल्या ते मोजू नका, तो आकडा सगळेच मोजतात. पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षी किती उरल्या ते मोजा, आणि ज्या उरल्या नाहीत त्यांतल्या दोघी-तिघींना फोन करून कारण विचारा.